मळ्यातल्या घराला फायबर: विहिरीच्या पोलवर डबा लावू का नको?

बांधावरचा_कोडर

कोल्हापूर-गगनबावडा रोडला बालिंग्याच्या पुढं आमचा मळा आहे. घर गावठाणात नाही, मळ्यातच, शेजारी चुलत्यांचं आणि त्याच्या पलीकडं चुलतभावाचं, अशी तीन घरं. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरनंच करतो, महिन्यातनं एकदा तिकडं तोंड दाखवून येतो. आत्तापर्यंत नेट म्हणजे गावातल्या एका इमारतीवरनं वायरलेस डिश. आमच्याकडची डिश पत्र्याच्या शेडवर आणि मधी सगळा ऊस. लागणीपासनं काही महिने झकास चालतं, मग ऊस डोक्याच्या वर गेला की पिंग उड्या मारायला लागतो आणि दहा-बारा फुटावर गेला की मीटिंगमधी माझं तोंड उघडं राहून चित्र तिथंच अडकतं. मॅनेजरला एकदा खरं सांगितलं की तोड आली की नेट सुधारंल, त्याला वाटलं चेष्टा करालोय.

आता रोडच्या पोलपर्यंत फायबर आलंय. रोडपासनं आमची विहीर २८० मीटर (मोबाईलवर मोजलंय, टेप लावलेली नाही), विहिरीजवळ आमचाच एक लोखंडी पोल आहे. तिथनं आमचं घर ६० मीटर, चुलत्यांचं ८५, चुलतभावाचं १३० धरा. ऑपरेटर म्हणतो फायबर विहिरीच्या पोलपर्यंत आणतो, तिथं डब्यात ओएनयू (फायबरचा मोडेम) आणि रिव्हर्स पीओई स्विच बसवतो, पुढं तीन घरांना कॅट सिक्स, म्हणजे तांब्याची लॅनची वायर, ओढतो. स्विचला करंट घरातनं त्याच वायरीतनं उलटा जाणार म्हणे. म्हटलं फायबरच घरापर्यंत आणा की, तर म्हणतो लांब पडतंय, पॉवर पडणार, म्हणजे फायबरमधल्या उजेडाचा जोर कमी होणार.

मी जरा वाचलं तर तीन गोष्टी दिसल्या. एक हा म्हणतो तो रिव्हर्स पीओई स्विच, दुसरा मिक्रोटिक कंपनीचा एफटीसी म्हणून छोटा बाहेर लावायचा कन्व्हर्टर येतो तो, आणि तिसरं म्हणजे साधे मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा उजेड लॅनच्या वायरीत उतरवणारे खोके) आणून प्लास्टिकच्या डब्यात घालायचे. ह्यातलं उन्हापावसात टिकणारं कुठलं? बजेट तिघांत मिळून आहे, पण चुलते म्हणतात एकदाच काय ते करा, दरवर्षी शिडी लावायला मी येणार न्हाई.

लाल_लाईट

भावा डब्यात काय बसवू हे नंतर, आधी डबा कशाला ते सांग. मी बारा वर्षं हेच करतोय, स्प्लायसिंगचं (फायबर वितळवून जोडायचं) मशीन गाडीच्या डिकीतच असतंय माझ्या. पॉवर पडणार ही शुद्ध थाप आहे. एक किलोमीटर फायबरला १३१० नॅनोमीटरच्या उजेडावर साधारण ०.३५ डीबी (उजेडाच्या जोराचं माप) जातंय, १४९० वर त्याच्याहून कमी. तुझं २८० मीटर म्हणजे ०.१ डीबी, घरापर्यंतचं धरलंस तरी ०.१५ च्या आतच. कनेक्टरच्या तोंडाला बोट लागलं तर त्याच्या कितीतरी पट जातंय. जीपॉन (एक फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) वीस किलोमीटरचा हिशेब धरून बनवलंय आणि हा गडी २८० मीटरला रडालाय. खरं कारण केबल आणि माणसांची हजेरी, ते सरळ सांगितलं असतं तर तू पैसे दिलेच असतेस की.

त्याला म्हणावं रोडच्या डब्यात मीटर लाव आणि मला आकडा दाखव. मायनस १५ ते २२ असलं तर एक नंबर, मायनसचा आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड कमी. मायनस २५ च्या पुढं जाऊ देऊ नको, कागदावर ओएनयू मायनस २७ पर्यंत ऐकतंय पण मग एक कनेक्टर ओला झाला की लाल लाईट लागलीच समज.

आणि बाहेरच्या डब्याचं म्हणशील तर पाणी राहू दे बाजूला, मुंग्या. लोकं पाण्यासाठी सिलिकॉन थापतात आणि वायर आत जाते तिथं बोटभर भोक तसंच. मागं एक डबा उघडला तर आत ओएनयूच्या अंगावर मुंग्यांनी बारीक माती रचलेली, अडॅप्टरच्या मागं पालीची दोन पांढरी अंडी, आणि लॅनचा जॅक उपसला तर त्याच्या पिना हिरव्या. कस्टमर म्हणतोय नेट रात्रीच जातंय. रात्री दव पडतंय बाबा म्हणून जातंय.

तांबडा_पांढरा

माझी चूक ऐका म्हणजे तुमचे पैसे वाचतील 😅

आमच्या घरापासनं गोठा ३०० मीटर, तिथं दोन कॅमेरे लावायचे होते. ऑनलाईन सगळ्यात स्वस्त मीडिया कन्व्हर्टर बघून दोन मागवले, दोन्ही सारखेच, म्हटलं एक इकडं एक तिकडं. लावले, लाईटच लागंना. दोन दिवस फायबरवाल्याला शिव्या घातल्या. मग दुकानदारानं सांगितलं की एका तारेवर चालणाऱ्या कन्व्हर्टरची जोडी असते, ए आणि बी. एक १३१० वर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा बरोब्बर उलटं. मी दोन्ही ए आणलेले, म्हणजे दोघंही एकाच आवाजात बोलालेत आणि ऐकायला कोणच न्हाई, आमच्या ग्रामसभेसारखं.

मग बी आणला. चालू झालं. तेव्हा कळलं की ते १०/१०० वाले आहेत, म्हणजे ९५ एमबीपीएसच्या वर जाणारच न्हाईत. कॅमेऱ्याला चालतंय, पण तुम्ही २०० चा प्लॅन घेणार असाल तर खोक्यावर १००० लिहिलंय का बघून घ्या.

आणि उन्हाळ्यात काय झालं, मी डबा घेतलेला काळा, देखणा दिसतो म्हणून. पश्चिमेला तोंड. एप्रिलमधी दुपारी तीनला कॅमेरे बंद, साडेसहाला आपोआप चालू. रोज. आईला वाटायचं कोणीतरी मुद्दाम बंद करतंय. शेवटी डबा पांढरा घेऊन भिंतीच्या उत्तरेला वळचणीखाली सरकवला, तेव्हापासनं गप आहे.

कागलची_ताई

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नेटवर्क आणि इन्स्ट्रुमेंटेशन बघते. तुझ्या तिन्ही पर्यायांवर बोलते पण त्याआधी एक मोठी गोष्ट, कारण ती ऑपरेटर कधीच सांगत नाही.

तांब्याची वायर एका घरातनं दुसऱ्या घरात उघड्यावरनं नेऊ नकोस. तुझ्या विहिरीच्या पोलवर तीन घरांच्या कॅट सिक्स येऊन एका स्विचला मिळणार, म्हणजे तिन्ही घरं तांब्यानं एकमेकांना बांधली गेली. प्रत्येक घराचं अर्थिंग वेगळं, मळ्यात तर ते किती खरं आणि किती नावाला हे तुलाच माहिती. वळवाच्या पावसात वीज थेट पोलवर पडायची गरजच नाही, शे-दोनशे मीटरवरच्या झाडावर पडली तरी जमिनीचं व्होल्टेज जागोजागी वेगळं होतं आणि तो फरक तुझ्या लॅनच्या वायरीतनं धावतो. मग एकाच वेळी स्विच, तुझा राऊटर, चुलत्यांचा टीव्ही आणि लॅपटॉप लावलेला असंल तर तोही. आमच्याकडं दोन शेडमध्ये अशी वायर होती, मेमधल्या एका संध्याकाळी दोन्हीकडचे स्विच आणि एक पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) कार्ड गेलं. त्यानंतर शेड टू शेड सगळं फायबर केलं. काचेतनं करंट जात नाही, एवढा साधा मामला आहे.

ड्रॉप वायर (पोलपासनं घरात येणारी फायबर) घेताना पण बघ, तिच्यात ताकदीसाठी आत दोन काड्या असतात, त्या स्टीलच्या असतात किंवा एफआरपीच्या (फायबरग्लासच्या). एफआरपीची घे. बाहेर जी जाड स्टीलची तार असते लोंबकळवायला, ती घराच्या भिंतीपाशी हुकाला संपव, घराच्या आत अजिबात घेऊ नको.

आता तुझे पर्याय. रिव्हर्स पीओई स्विच ही कल्पना वाईट नाही. मिक्रोटिकचा नेटपॉवर १५एफआर बाहेर लावायलाच बनवलाय, पंधरा पोर्ट घराघरातनं करंट घेतात, एका घरची लाईट गेली तरी दुसऱ्याच्या करंटवर स्विच चालू राहतो. दाटीवाटीच्या गल्लीत, एका अपार्टमेंटच्या जिन्यात, जिथं सगळी घरं ३०-४० मीटरच्या आत आहेत तिथं ठीक. पण त्याचे ते पोर्ट १०/१०० आहेत, आणि तुझ्या चुलतभावाचं घर १३० मीटर. इथरनेटची हद्द १०० मीटर. कधी कधी १२० वर पण चालतं हे मला माहितीये, कुणीतरी येऊन सांगेलच. चालतं म्हणजे लिंक लागते, नंतर पॅकेट कुठं जातात ते विचारू नका.

एफटीसी चांगली वस्तू आहे. त्यात एक एसएफपीची (फायबर लावायच्या बोटाएवढ्या मॉड्युलची) खाच आणि एक गिगाबिट पोर्ट, करंट पीओईनं, म्हणजे लॅनच्या वायरीतनंच. पण एकच पोर्ट म्हणजे एकच घर. शिवाय त्यात साधा एसएफपी घातलास तर समोर पण तसाच जोडीचा लागतो. ऑपरेटरची लाईन त्या जीपॉनसारखी पॉनची असणार, तिला साधा एसएफपी किंवा मीडिया कन्व्हर्टर लावून काही उपयोग नाही, ह्या दोन वेगळ्या भाषा आहेत. त्यासाठी ओएनयू स्टिक मिळते एसएफपीच्या आकाराची, पण तिचा सिरियल नंबर ऑपरेटरनं त्याच्या ओएलटीवर (त्याच्याकडच्या मुख्य यंत्रावर) चढवल्याशिवाय ती मुकी, आणि ह्या स्टिक तापतात फार. उन्हातल्या बंद डब्यात मी घालणार नाही.

थोडक्यात, पोलवर करंट लागणारी वस्तूच ठेवू नकोस. विहिरीजवळ फक्त जोडाचा डबा असू दे, ज्यात काच आणि प्लास्टिक सोडून काही नाही. ओएनयू घरात, टीव्हीशेजारी, पंख्याखाली.

कोपऱ्यावरचा_टपरीवाला

१४० मीटर कॅट सिक्स चालतंय आमच्यात, दोन वर्षं झाली, काही झालं नाही

कागलची_ताई

आला बघ 🙏

जुनी_घंटी

टेलिफोन खात्यात ३० वर्षं लाईनवर काढली, आता रिटायर. यंत्रं पोरं सांगतीलच, मी रस्ता सांगतो, कारण मळ्यात यंत्र बिघडत नाही, रस्ता बिघडतो.

पहिली गोष्ट पाचट. तोड झाली की कोणतरी पाचट पेटवतोच, तुम्ही नाही पेटवलं तर बांधाला बांध लागून असलेला पेटवंल आणि वारं तुमच्याकडं असंल. जाळ दहा सेकंद जरी वायरीखालनं गेला तर वरचं आवरण मेणासारखं खाली गळतं, आत काच शाबूत दिसते पण ती कामातनं गेलेली. त्यामुळं उसाच्या वरनं वायर नेऊच नये. बांधाबांधानं, नाहीतर गाडीवाटेच्या कडंनं न्यावी, पाच-पन्नास मीटर जास्ती लागली तरी चालंल, आता वर त्या लाल लाईटवाल्यानं सांगितलंच आहे की लांबीनं काय बिघडत नाही.

दुसरी गोष्ट ट्रॉली. गळीत हंगामात उसाची ट्रॉली भरून निघाली की तिची उंची डोळ्यानं अंदाज येत नाही. गाडीवाट ओलांडायची असंल तिथं वायर एकतर अठरा-वीस फुटावर घ्या, नाहीतर सरळ जमिनीखालनं एचडीपीई पाईपमधनं. वाटेखाली अडीच-तीन फूट खोल गाडा, नांगराचा फाळ पोचणार नाही अशी. रानातनं गाडत असाल तर तेवढंच खोल आणि बांधाला चिकटून, आणि कुठनं गेलीय त्याचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर टाका. जेसीबीवाला वर्षातनं एकदा येतोच, आणि त्या दिवशी तुम्ही नेमकं पुण्यात असता.

तिसरं, महावितरणच्या पोलला हात लावू नका. परवानगी नसते ती एक गोष्ट, दुसरं म्हणजे स्टीलच्या तारेची ड्रॉप वायर वाऱ्यानं वरच्या उघड्या तारेला लागली तर काय होईल ते सांगायला नको. आपले जीआय पाईप रोवा. नारळाला बांधू नका, झाड डुलतं आणि वायर महिन्याभरात सैल.

पंचगंगेचं पाणी तुमच्या रानात येतं का? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, पण तुमच्या रानात किती फुटाला येतं हे चुलत्यांना विचारा, त्यांना २०१९ ची खूण माहिती असणार. डबा त्या खुणेच्या वर हातभर.

बांधावरचा_कोडर

बापरे, मी आपला कुठला डबा घेऊ विचारायला आलो आणि डबाच नको निघाला. भारी वाटलं पण.

काल ऑपरेटरच्या पोराला बोलावून मीटर लावला. रोडच्या डब्यात मायनस १७.५ आलं. तो स्वतःच म्हणाला "चांगलंय की". मग मी ०.१ डीबीचा हिशेब काढला तर हसला आणि म्हणाला मालकाला सांगतो. रोडच्या डब्यात एक ते आठचा स्प्लिटर (एका फायबरचा उजेड आठांत वाटणारा) आहे म्हणे, त्याच्या एका पोर्टवरचा हा आकडा.

पाण्याचं काकांनी बरोबर विचारलं. २०१९ ला विहिरीच्या कट्ट्याला पाणी लागलेलं, चुलत्यांनी पोलवर हात लावून दाखवलं, माझ्या गुडघ्याच्या जरा वर.

आता शंका अशी की विहिरीपर्यंत एक फायबर आणून तिथं एक ते चारचा स्प्लिटर लावला तर तीन घरं होतात का? आणि कनेक्टर हिरवे आणि निळे दोन्ही दिसले, त्यात फरक काय?

लाल_लाईट

होतात, पण हिशेब कर. एक ते चार स्प्लिटरला सात-साडेसात डीबी जातंय, दोन जोड धर, मायनस १७.५ चं मायनस २५ झालं. आज चालंल, पावसाळ्यात मला फोन करशील.

त्यापेक्षा चार कोरची केबल टाक. एका केबलीत चार तारा, किमतीत फार फरक पडत न्हाई, खड्डा तर तेवढाच. रोडच्या डब्यातनं तीन पोर्ट घे, विहिरीजवळ डब्यात फ्युजन स्प्लायस मारून तीन ड्रॉप वायर तीन घरांना. एक कोर शिल्लक. प्रत्येकाला मायनस १८ च्या आसपास मिळंल. ऑपरेटर पोर्ट द्यायला कां कूं करंल कारण आठच असतात आणि रोडला उद्या दुसरं गिऱ्हाईक आलं तर त्याला कुठलं द्यायचं, पण तीन कनेक्शन एकदम मिळालेत त्याला, धर त्याला.

स्प्लायस मशीननंच मारून घे. ते हातानं दाबून बसवायचे फास्ट कनेक्टर असतात ना, घरात चालतात, बाहेर डब्यात एक उन्हाळा एक पावसाळा झाला की आतलं जेल सुकतंय आणि आकडा घसरायला लागतोय.

हिरवा म्हणजे एपीसी, टोक आठ अंशात तिरकं घासलेलं. निळा यूपीसी, सरळ. हिरव्यात निळा दाबून बसतोय पण दोन टोकं नीट टेकत न्हाईत, चार-पाच डीबी हवेत जातंय आणि टोक खरचटतंय ते वेगळं. ओएनयूच्या भोकाचा रंग बघ आणि पॅचकॉर्ड (जोडायची छोटी वायर) त्याच रंगाची घे. आणि फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नको, उजेड दिसत न्हाई म्हणून लोकं बघतात, लेझरच असतोय तो.

कागलची_ताई

चार कोरला माझं पण मत. केबल जी.६५७ए२ असेल तर घरातल्या कोपऱ्यात वळवताना त्रास कमी, साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळलेली सहन करते. तरी खिळ्यानं आवळू नका, क्लिप वापरा.

डबा घेताना आयपी ६५ (धूळ-पाणी अडवायचं रेटिंग) च्या खाली नको, ६७ मिळाला तर उत्तम. पण तो आकडा कंपनीतनं बंद निघालेल्या डब्याचा असतो. आपण ग्लँडचं (वायर आत घ्यायच्या बुचाचं) रबर ब्लेडनं चिरून वायर घुसवली की तो कागदावरच राहिला. वायरी सगळ्या खालनं घ्या, आणि डब्यात शिरायच्या आधी प्रत्येक वायरीला खाली लोंबता फेरा द्या म्हणजे पाणी तिथनंच टपकून जातं.

मळ्यात लाईट कशी आहे? रात्री पंप बंद झाले की व्होल्टेज चढत असेल तर ओएनयूचा अडॅप्टर आधी जाणार. बारा व्होल्टचा मिनी यूपीएस घे, ओएनयू आणि राऊटर दोन्हीला पुरतो. त्याआधी दोन्हीचे अडॅप्टर उलटे करून वाच, एखादा नऊ व्होल्टचा निघतो.

तांबडा_पांढरा

एक उपप्रश्न. माझ्या गोठ्याला मग मी आता काय करू, तिथं तर कन्व्हर्टर बाहेरच ठेवायला लागतो ना? गोठ्यात ठेवला तर ओल आणि म्हशीची शेपूट.

कागलची_ताई

हो, तिथं बाहेर ठेवायलाच पाहिजे, कॅमेरा जिथं आहे तिथं फायबर संपणारच. अशा जागेसाठी बाहेर लावायचे कन्व्हर्टर आहेत, मी त्यांना नाव ठेवत नाहीये. एफटीसीसारखी एकच वस्तू, भिंतीला, वळचणीखाली, कॅमेऱ्यापासनं दोन-चार मीटरवर. तांबं जेवढं तोकडं तेवढं बरं. एसएफपी १० किंवा २० किलोमीटरवाला जोडीचा घे, ८० वाला स्वस्तात मिळाला म्हणून आणू नको, ३०० मीटरवर त्याचा उजेड समोरच्याला झेपत नाही. आणि पीओई बघून घे, काही कॅमेऱ्यांना ४८ व्होल्टचं ८०२.३एएफ लागतं, काही कन्व्हर्टर २४ व्होल्टच सोडतात, ते लावून कॅमेरा चालत नाही म्हणून बोंबलणारे मी महिन्याला दोन बघते.

त्या दोन-चार मीटरला सुद्धा कॅट सिक्स अस्सल तांब्याची घे. तारेचं टोक ब्लेडनं खरवड, आतनं पांढरी चकाकली तर ॲल्युमिनियम आहे, परत दे.

जुनी_घंटी

आणखी एक राहिलं. विहिरीच्या डब्यापाशी आणि प्रत्येक घरापाशी थोडी वायर वेटोळं करून ठेवा. लोकं पैसे वाचवायला बरोब्बर मापात कापतात आणि मग एकदा तुटली की जोडायला हातात वायरच नसते.

आणि तीन घरांपुरतं ठीक, पण एका कनेक्शनवर आख्ख्या वस्तीला वर्गणी काढून नेट वाटायच्या भानगडीत पडू नका. नेट विकायला लायसन्स लागतं.

बांधावरचा_कोडर

अपडेट द्यायला उशीर झाला, तीन आठवडे गेले.

ऑपरेटरचा मालक स्वतः आला, माणूस वाईट नाही. म्हणाला केबल आणि पाईपचे पैसे तुम्ही द्या, स्प्लायसिंग माझं. पोर्ट मात्र दोनच मोकळे निघाले. मग लाल लाईट दादांना मेसेज केला, त्यांनी सुचवलं तसं आमच्या घराला एक पोर्ट सरळ दिला आणि दुसऱ्या पोर्टवर विहिरीच्या डब्यात एक ते दोनचा स्प्लिटर टाकून चुलते आणि चुलतभाऊ. आमच्याकडं मायनस १८.१ आलं, त्या दोघांकडं २१.८ आणि २२. चुलतभाऊ आता दर दोन दिवसांनी विचारतो तुझ्याकडं चार कमी कसं काय, त्याला मायनस समजावून सांगायचं मी सोडून दिलंय.

केबल बांधानं आणली त्यामुळं २८० ची ३४० झाली. गाडीवाट ओलांडताना पाईप गाडला, चुलते फावडं घेऊन तिथंच उभे, अडीच फूट म्हणजे अडीच फूट, पोरांनी दोन फुटावर पाईप ठेवला तर परत काढायला लावला. डबा पोलवर छातीच्या उंचीला, उत्तरेकडं तोंड, आत एक ट्रे आणि तो स्प्लिटर, बाकी मोकळाच. मुंग्यांसाठी ग्लँडच्या भोवती काय लावायचं ते कळलं नाही म्हणून तूर्त कापूस कोंबलाय.

बुधवारी वळीव झाला, दोनदा कडाडलं, लाईट तासभर गेली. यूपीएसवर मीटिंग पूर्ण केली.

लाल_लाईट

कापूस काढ लगेच, पाणी धरतंय ते. चिकटपट्टीसारखी काळी रबरी पट्टी मिळते, स्वतःलाच चिकटते, ती ताणून गुंडाळ. आणि वेटोळं किती ठेवलंस?

बांधावरचा_कोडर

विहिरीपाशी दहा मीटर, घरापाशी पाच. कापूस काढतो आत्ताच.

तांबडा_पांढरा

ती जुनी डिश विकणार असशील तर सांग. आमच्याकडं मधी भातच आहे 😄